ओव्हरीच्या कॅन्सरला केमोच्या गोळ्या का चालत नाहीत, आणि कधी चालतात

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. आईचं वय 66, ओव्हरीचा कॅन्सर, स्टेज थ्री-सी, पोटातलं पाणी दोनदा काढून झालंय. कोल्हापूरच्या डॉक्टरांनी दर 21 दिवसांनी सलाईनमधून केमो सांगितली आहे: आधी तीन, मग ऑपरेशन, मग पुन्हा तीन. घर राजापूरच्या बाजूला, म्हणजे दर वेळी अणुस्कुरा घाट. आईच्या शिरा सापडत नाहीत, तिला गाडी लागते, आणि शेजारच्या काकू ब्रेस्ट कॅन्सरवर केमोच्या गोळ्या घरी बसून घेतायत. मग आईलाच सलाईन का?

उत्तर आधी सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचेपर्यंत तारीख लांबणार नाही. पहिल्या वेळच्या उपचाराला सलाईनच घ्या. आईच्या आजारावर सगळ्यात जास्त काम करणारं जे औषध आहे, ते गोळीत मिळतच नाही. त्याऐवजी ज्या गोळ्या मिळतात त्या वाईट नाहीत, पण त्यांची वेळ नंतरची आहे. शिरा, घाट आणि उलट्या या तिन्ही अडचणी खऱ्या आहेत, पण त्यासाठी औषध बदलायची गरज नाही. त्यांचा बंदोबस्त वेगळा करता येतो, तो खाली लिहिला आहे.

गोळ्यांची केमो ही काही नवी सोय नव्हे. उलट या आजारात गोळ्याच आधी आल्या. साठ-सत्तरच्या दशकांत ओव्हरीच्या कॅन्सरला मेल्फलान किंवा क्लोरॅम्ब्युसिलच्या गोळ्या देत असत. काही बायकांचं पोटातलं पाणी कमी व्हायचं, काही महिने बरे जायचे, मग आजार परत यायचा. ज्या जास्त जगल्या त्यांच्यातल्या काहींना पुढे याच गोळ्यांमुळे रक्ताचा कॅन्सर झाल्याचंही लक्षात आलं. चित्र बदललं ते प्लॅटिनममुळे. 1965 मध्ये मिशिगन स्टेट युनिव्हर्सिटीत बार्नेट रोझेनबर्ग यांच्या प्रयोगशाळेत प्लॅटिनमच्या संयुगांनी जिवाणूंचं विभाजन थांबतं हे दिसलं, आणि 1978 मध्ये सिसप्लॅटिनला अमेरिकेत मान्यता मिळाली. त्याचं किडनीला आणि कानाला सोसवणारं भावंड म्हणजे कार्बोप्लॅटिन, ते 1989 मध्ये आलं. 1992 मध्ये पॅक्लिटॅक्सेल ओव्हरीसाठी मान्य झालं. या दोघांची जोडी आज जगभर पहिल्या उपचाराचा पाया आहे, आणि तुमच्या डॉक्टरांनी हीच लिहून दिली असणार. फाइलमध्ये पाहा.

ही दोन औषधं गोळीत का नाहीत, हा पुढचा प्रश्न साहजिक आहे.

कार्बोप्लॅटिन आतड्यातून रक्तात नीट जात नाही. प्लॅटिनम तोंडावाटे देता यावं म्हणून सॅट्राप्लॅटिन नावाचं औषध तयारही झालं होतं. प्रोस्टेटच्या कॅन्सरमध्ये त्याची मोठी चाचणी झाली, पण त्यातून रुग्णांचं आयुष्य वाढल्याचं दिसलं नाही आणि ते कधी बाजारात आलं नाही. दुसरं असं की कार्बोप्लॅटिनचा डोस आम्ही बहुतेक केमोप्रमाणे उंची-वजनावर काढत नाही, किडनीच्या कामावर काढतो. किडनी एका मिनिटाला किती मिली रक्त गाळते तो आकडा घ्यायचा, त्यात 25 मिळवायचे आणि 5 किंवा 6 ने गुणायचं. आईची किडनी 60 ने चालत असेल तर 5 च्या हिशोबाने डोस होतो 425 मिलिग्रॅम. तिच्याच वजनाच्या दुसऱ्या बाईची किडनी 90 ने चालत असेल तर तिला 575 लागतील. इतकं मोजूनमापून द्यायचं औषध शिरेतून दिलं की पूर्णच्या पूर्ण रक्तात पोचतं. तोंडावाटे दिलं तर त्यातलं किती पोचेल याचा भरवसा नाही. कमी पोचलं तर गाठ राहते, जास्त पोचलं तर प्लेटलेट्स कोसळतात.

पॅक्लिटॅक्सेलचं वेगळंच आहे. हे यू नावाच्या सूचिपर्णी झाडाच्या सालीत सापडलेलं औषध. पोटात घेतलं तर आतड्याच्या पेशी ते पुन्हा आतड्यातच ढकलून देतात, आणि जे थोडं पुढे जातं त्याची लिव्हर पहिल्याच फेरीत वासलात लावते. शिवाय ते पाण्यात विरघळत नाही. एरंडेलापासून केलेल्या एका द्रावकात आणि अल्कोहोलमध्ये ते विरघळवलेलं असतं, आणि त्या द्रावकाची काहींना ॲलर्जी येते. म्हणून ते तीन तास सावकाश सोडायचं आणि आधी स्टेरॉइड द्यायचं. त्याची तोंडावाटे घ्यायची रूपं तयार झाली आहेत, कोरियात एक जठराच्या कॅन्सरसाठी वापरात आहे. पण आईच्या पहिल्या उपचारात सलाईनच्या जोडीची जागा त्यांनी घेतलेली नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं कारण. ते औषधांत नाही, आईच्या पोटात आहे.

ओव्हरीचा कॅन्सर रक्तातून लांब जाण्याआधी पोटातच पसरतो. आतड्यांवरून पदरासारखं लोंबणारं चरबीचं पटल असतं, त्याला ओमेंटम म्हणतात. ते कडक, जाड होतं. आतड्यांच्या बाहेरच्या बाजूला बारीक दाणे बसतात, मध्ये पाणी साचतं. सीटी स्कॅनच्या रिपोर्टमध्ये ‘ओमेंटल केकिंग’ आणि ‘असायटिस’ असे शब्द असतील तर ते हेच. अशी आतडी नीट हालत नाहीत. दोन घास खाल्ले की पोट भरतं, मळमळतं, चार दिवस शौचाला होत नाही, मग एकदम होतं. आज घेतलेली गोळी अर्धी शोषली जाईल, परवाची उलटीतून जाईल, आणि तेरवाची आतड्यात नेहमीपेक्षा दुप्पट वेळ पडून राहील. ज्या आतड्यावर आजार बसला आहे त्याच आतड्यावर औषध पोचवायची जबाबदारी टाकायची, हे मला पटत नाही. ब्रेस्ट कॅन्सरच्या बहुतेक बायकांची आतडी ठणठणीत असतात. काकूंच्या आणि आईच्या उपचारातला एक मोठा फरक इथेच आहे.

ओव्हरीच्या कॅन्सरमध्ये एकाच औषधाची गोळी आणि सलाईन अशी समोरासमोर तुलना झाली आहे का? एक झाली आहे, आणि ती तुमच्या प्रश्नाला अगदी लागू आहे. टोपोटेकॅन हे औषध दोन्ही रूपांत येतं. आजार परत आलेल्या 266 बायकांमध्ये काहींना ते तोंडावाटे आणि काहींना शिरेतून दिलं. त्याचे निष्कर्ष 2002 मध्ये प्रसिद्ध झाले. गाठ ठळकपणे कमी झालेल्यांचं प्रमाण गोळीत 13 टक्के, सलाईनमध्ये 20 टक्के. सरासरी आयुष्य 51 आठवडे विरुद्ध 58 आठवडे. गोळीने पांढऱ्या पेशी सलाईनइतक्या घसरल्या नाहीत, हा तिचा फायदा. आजार परत आलेला असताना, पुढचा काळ सुसह्य जावा हा हेतू असताना, एखादी बाई हा सौदा समजून-उमजून पत्करू शकते, आणि मी तिला अडवणार नाही. पण आईचा हा पहिला उपचार आहे. आत्ता जितका आजार निघून जाईल तितकं ऑपरेशन स्वच्छ होईल, आणि ऑपरेशननंतर पोटात किती उरलं यावर पुढची वर्षं ठरतात. इथे सात टक्के सोडून देण्यासारखे नाहीत.

रुग्णांनाही हेच वाटतं. 1997 मध्ये कॅनडात कॅन्सरच्या 103 रुग्णांना विचारलं होतं की गोळी हवी की सुई. त्यातले 92 म्हणाले गोळी. पण गोळीचा गुण कमी येणार असेल तरीही चालेल का, असं विचारल्यावर 70 टक्के नाही म्हणाले. आईलाही हे दोन्ही प्रश्न एकापाठोपाठ विचारून बघा. आपण बहुतेक वेळा पहिलाच विचारतो.

काकूंच्या गोळ्या बहुधा कॅपेसिटाबिनच्या असतील. ब्रेस्ट आणि आतड्याच्या कॅन्सरमध्ये ते चांगलं काम करतं. ओव्हरीच्या नेहमीच्या प्रकारात, म्हणजे बायोप्सीत ‘हाय-ग्रेड सिरस’ लिहिलेलं असतं त्यात, त्याला फारशी जागा नाही. दुसरी एक गोष्ट बरेच नातेवाईक विचारतात, म्हणून लिहिते: “मुंबईला टाटामध्ये रोज छोट्या डोसच्या गोळ्या देऊन सलाईनपेक्षा चांगला गुण आला म्हणे.” हे खरं आहे, पण ते संशोधन तोंडाच्या आणि घशाच्या कॅन्सरचं आहे, तेही आजार बरा होण्यापलीकडे गेलेल्या रुग्णांमधलं. मेथोट्रेक्सेट आणि सेलेकॉक्सिब या स्वस्त गोळ्या सिसप्लॅटिनच्या सलाईनपेक्षा सरस ठरल्याचं 2020 मध्ये प्रसिद्ध झालं. आपल्याकडच्या गरीब रुग्णांसाठी ते मोलाचं काम आहे. पण घशाचा निष्कर्ष ओव्हरीला लावता येत नाही. ओव्हरीचा कॅन्सर प्लॅटिनमला जितका दाद देतो तितके थोडेच कॅन्सर देतात, आणि तो फायदा पहिल्या फेरीत सगळ्यात मोठा असतो.

मग गोळ्या कधी? तीन जागा आहेत.

पहिली जागा म्हणजे आजार परत आला आणि प्लॅटिनम संपल्यावर सहा महिन्यांच्या आत आला तेव्हा. अशा वेळी प्लॅटिनमचा जोर कमी झालेला असतो. तेव्हा इटोपोसाइडच्या कॅप्सूल देता येतात. 1998 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकन अभ्यासात रोज 50 मिलिग्रॅम दर चौरस मीटर या हिशोबाने 21 दिवस कॅप्सूल आणि 7 दिवस सुट्टी, असा क्रम होता. प्लॅटिनमला दाद न देणाऱ्या बायकांमध्ये सुमारे 27 टक्क्यांना आणि दाद देणाऱ्यांमध्ये 34 टक्क्यांना गुण आला. नंतरच्या फेरीसाठी हे आकडे चांगलेच आहेत. सायक्लोफॉस्फामाइडची रोज 50 मिलिग्रॅमची गोळी, एकटी किंवा बेव्हासिझुमॅब या गाठीच्या नव्या रक्तवाहिन्या रोखणाऱ्या औषधाच्या सलाईनबरोबर, हा दुसरा मार्ग. थकलेल्या, घरापासून लांब जाऊ न शकणाऱ्या बाईला मी हे उपचार दिले आहेत आणि पुढेही देईन. काहींचे त्यावर चांगले महिने गेले आहेत.

दुसरी जागा ‘लो-ग्रेड सिरस’ या सावकाश वाढणाऱ्या प्रकाराची. त्याला केमो फार कमी लागू पडते, म्हणून लेट्रोझोलसारख्या हार्मोनच्या गोळ्या कामाला येतात. आईची बायोप्सी हाय-ग्रेड असेल तर हे वाचून विसरून जा.

तिसऱ्या जागेबद्दल शेवटी लिहिते, कारण तिची तयारी आत्तापासून करायची आहे.

त्याआधी एक समज दूर करू या. गोळ्यांची केमो हलकी असते, असं लोक धरून चालतात. इटोपोसाइडच्या कॅप्सूलनी केस जातात, तोंड येतं, पांढऱ्या पेशी पडतात. ती पोटातून सरासरी निम्मीच शोषली जाते, आणि हे प्रमाण माणसागणिक 25 पासून 75 टक्क्यांपर्यंत बदलतं. म्हणजे एकाच डोसवर एक बाई ठणठणीत आणि दुसरी आयसीयूत, असं होऊ शकतं. आणि घरातला हिशोब बघा. आपल्याकडच्या बऱ्याच बायकांचं शरीराचं क्षेत्रफळ दीड चौरस मीटरच्या आसपास भरतं, म्हणजे रोजचा डोस 75 मिलिग्रॅम. कॅप्सूल मिळते 50 ची. मग डॉक्टर लिहितात: एक दिवस एक, दुसऱ्या दिवशी दोन. पाचव्या-सहाव्या दिवशी घरात वाद सुरू होतो, काल एक घेतली होती की दोन? म्हणून मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर आधीच लिहून द्यायला सांगते: तारखेच्या चौकोनात 1 किंवा 2, घेतली की त्यावर काट, आणि सुट्टीच्या सात दिवसांवर आडवी रेघ. सुट्टीचे दिवस लक्षात न राहिल्याने 28 दिवस सलग कॅप्सूल घेऊन आलेल्या बायका मी पाहिल्या आहेत. मेडिकलवाल्याने पूर्ण डबा दिला, डबा संपेपर्यंत घ्यायची असा समज झाला, आणि सगळ्यांना वाटलं की नियमाने चाललंय.

सलाईनच्या दिवशी आधी काउंट, म्हणजे रक्तातल्या पेशींची संख्या, बघितला जातो. न्यूट्रोफिल्स (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) आणि प्लेटलेट्स पुरेशा नसतील तर सिस्टर औषध चढवतच नाहीत. वजन, किडनी, तोंडातले फोड, हातापायाच्या मुंग्या, सगळं कोणीतरी विचारतं. घरी मात्र गोळी तोंडात टाकणारा हात धरायला कोणी नसतं. म्हणून पुढे कधी गोळ्या सुरू झाल्या तर एवढं सांभाळा. ठरलेल्या तारखेला रक्त तपासल्याशिवाय नवी फेरी सुरू करायची नाही. उलटीत गोळी पडली तर त्याच दिवशी दुसरी घ्यायची नाही, डॉक्टरांना विचारायचं. कॅप्सूल फोडून दुधात कालवायची नाही. दुसऱ्याने हाताळायची वेळ आली तर हातमोजे घालायचे, आणि घरात गरोदर सून किंवा मुलगी असेल तर तिने हातच लावायचा नाही. सायक्लोफॉस्फामाइड सकाळी घ्यायची आणि दिवसभर भरपूर पाणी प्यायचं, म्हणजे मूत्राशयाला इजा होत नाही. आणि सलाईन असो वा गोळी, ताप 100.4 च्या वर गेला की रात्र असली तरी हॉस्पिटल गाठायचं. पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट बघायची नाही. गोळ्यांवरच्या बायका इथे जास्त फसतात, कारण आपण केमोवर आहोत हेच त्यांच्या मनात ठसलेलं नसतं.

कोणी काढा, भस्म, हळदीच्या अर्काच्या कॅप्सूल आणून दिल्या असतील तर त्या डॉक्टरांना दाखवा. लपवू नका. आमटी-भाजीतल्या हळदीबद्दल मी बोलत नाही. भस्मांमधले धातू किडनीवर भार टाकतात, आणि आईचा कार्बोप्लॅटिनचा डोस किडनीवरच ठरतो हे वर आलंच आहे.

आता तुमच्या खऱ्या अडचणी.

शिरा. काकूंच्या एका काखेचं ऑपरेशन झालं असेल तर त्यांचा तो हात सुईसाठी टाळतात. आईला तशी अडचण नाही, दोन्ही हात मोकळे आहेत. रक्त तपासणीचं रक्त कोपराच्या खाचेतूनच काढायला सांगा, मनगट ते कोपर यांमधल्या शिरा केमोसाठी राखून ठेवा. आदल्या दिवशी डॉक्टरांनी पाण्यावर बंधन घातलेलं नसेल तर पाणी, सरबत, पेज जास्त द्या. सकाळी हात गार असेल तर गरम पाण्यात भिजवून पिळलेला टॉवेल दहा मिनिटं गुंडाळायचा, ज्या शिरा दिसत नव्हत्या त्या बोटाला लागायला लागतात. पॅक्लिटॅक्सेल शिरेबाहेर गेलं तर त्रास होतो. त्यामुळे चालू असताना सुईजवळ जळजळ किंवा सूज आली तर आईने लगेच बोलायचं, “सिस्टर कामात आहेत, थांबू जरा” असं म्हणायचं नाही. एवढं करूनही दोन-तीनदा टोचावं लागत असेल तर पोर्ट बसवायचं विचारा. गळपट्टीच्या हाडाखाली कातडीच्या आत नाण्याएवढी डबी बसवतात, त्यातून केमोही जाते आणि रक्तही काढता येतं. दंडातून घालायची पिक लाइनही असते, पण तिचं ड्रेसिंग दर आठवड्याला निर्जंतुक पद्धतीने करावं लागतं. गावात ते जमेल का याचा विचार करून ठरवा. तुमच्या ठिकाणी मी असते तर पोर्टकडे झुकले असते.

सलाईनचा दिवस कसा जातो ते आईला आधी सांगा. न कळणाऱ्या गोष्टीची भीती फार मोठी असते. सकाळी रिपोर्ट बघून सुई लागते. ॲलर्जीची आणि उलटीची इंजेक्शनं आधी जातात, त्यातल्या एकाने झोप येते. मग पॅक्लिटॅक्सेल सुरू होतं. पहिली दहा मिनिटं सिस्टर शेजारी उभ्या असतात. रिॲक्शन यायची असेल तर बहुतेक वेळा पहिल्या किंवा दुसऱ्या केमोत, याच दहा मिनिटांत येते: चेहरा लाल होणं, छाती किंवा कंबर आवळल्यासारखी वाटणं, दम लागणं. सलाईन थांबवलं, इंजेक्शनं दिली की बहुतेकांचं उतरतं, आणि मग सावकाश पुन्हा सुरू करता येतं. तुम्हाला आदल्या रात्री आणि पहाटे घ्यायला डेक्सामेथासोन या स्टेरॉइडच्या गोळ्या दिल्या असतील तर त्या या रिॲक्शनसाठीच आहेत, त्या चुकवू नका. आईला डायबेटिस असेल तर या गोळ्यांनी दोन-तीन दिवस साखर वाढते, मोजत राहा. पॅक्लिटॅक्सेल संपलं की कार्बोप्लॅटिन, ते अर्ध्या-एक तासात होतं. एकूण पाच-सहा तास. डबा, शाल आणि सैल बाह्यांचा ब्लाउज बरोबर ठेवा.

पॅक्लिटॅक्सेलची एक किंमत आहे, ती लपवणार नाही. केस जातात, पण परत येतात. बोटांत आणि तळपायांत मुंग्या येतात, त्या काहींच्या जातात आणि काहींच्या राहतात. ब्लाउजचे हूक लावताना बोटं चुकायला लागली, पायातून चप्पल सटकली तरी कळेना झालं, तर पुढच्या केमोआधी डॉक्टरांना सांगा. डोस कमी करता येतो, औषध बदलता येतं. “केमो थांबवतील” या भीतीने बायका हे सांगत नाहीत आणि मग मुंग्या कायमच्या बसतात.

घाट. आईला केमोनंतर लगेच त्या वळणांवरून नेऊ नका. गाडी लागणं आणि केमोची मळमळ या वेगळ्या गोष्टी आहेत, त्यांच्या गोळ्याही वेगळ्या. ऑनडॅन्सेट्रॉन केमोच्या उलटीला चांगलं, घाटातल्या उलटीला नाही. दोन्ही एकत्र झालं की आईच्या मनात “केमो म्हणजे उलटी” असं पक्कं बसतं आणि पुढच्या वेळी गाडीत बसतानाच पोट ढवळायला लागतं. म्हणून शक्य असेल तर ती रात्र कोल्हापुरात नातेवाइकांकडे किंवा धर्मशाळेत काढा, दुसऱ्या दिवशी दुपारी निघा, आईला पुढच्या सीटवर बसवा. गाडी लागण्याची आणि केमोच्या मळमळीची, दोन्ही प्रकारची गोळी डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या. केमोच्या आदल्या दिवशीचं रक्त राजापूरला तपासून रिपोर्ट हॉस्पिटलला पाठवा, म्हणजे काउंट कमी म्हणून घाट उतरून परत यायची वेळ येणार नाही. जिल्हा रुग्णालयात केमोचं डे केअर सुरू आहे का, तेही विचारा. 2025-26 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात तीन वर्षांत सगळ्या जिल्हा रुग्णालयांत अशी केंद्रं उघडायची घोषणा झाली आहे. पहिली केमो मोठ्या ठिकाणी, पुढच्या दोन जवळ, असं वाटून घेणं अनेक डॉक्टरांना मान्य असतं.

खर्चाबद्दल थोडक्यात: कार्बोप्लॅटिन आणि पॅक्लिटॅक्सेल दोन्ही जुनी, जेनेरिक औषधं आहेत आणि केमोचा खर्च महात्मा फुले जनआरोग्य योजनेत बसतो. हॉस्पिटल योजनेत आहे का ते पहिल्या केमोआधी विचारा, नंतर कागद जुळवायला त्रास होतो. गोळ्या स्वस्त पडतील असं धरू नका, महिन्याचा हिशोब मागा.

आई फारच अशक्त असेल तर? तरीही उत्तर गोळ्या हे नाही. पोटात पाणी भरल्यामुळे आलेला अशक्तपणा पहिल्या दोन केमोंत बऱ्याचदा उतरतो, कारण पाणी भरायचं थांबतं. डोस वाटून दर आठवड्याला थोडा थोडा द्यायची पद्धत आहे, ती अंगाला सौम्य पडते आणि इटलीतल्या मोठ्या अभ्यासात तिचा गुण तीन आठवड्यांच्या पद्धतीइतकाच आला. पण त्यात दर आठवड्याला घाट आला, त्यामुळे तुमच्यासाठी ती दुसरी पसंती. “एकच औषध द्या, दोन नकोत” असा आग्रहही धरू नका. फ्रान्समधल्या पुढाकाराने सत्तरीपुढच्या नाजूक प्रकृतीच्या बायकांमध्ये हे करून पाहिलं, तेव्हा एकट्या कार्बोप्लॅटिनवरच्या बायका कमी जगल्या.

आता तिसरी जागा. प्लॅटिनमने आजार आटोक्यात आला की तो परत येऊ नये म्हणून ओलापॅरिब किंवा निरापॅरिब या गोळ्या देता येतात. या रूढ अर्थाने केमो नाहीत. पेशी आपला तुटलेला डीएनए ज्या वाटांनी दुरुस्त करते त्यातली एक वाट त्या बंद करतात. ज्या बाईच्या गाठीत बीआरसीए जनुकाचा बिघाड आहे तिथे दुसरी वाट आधीच बंद असते, म्हणून तिथे त्या सगळ्यात जास्त चालतात. एका अभ्यासात बीआरसीएचा बिघाड असलेल्या बायकांना प्लॅटिनमची केमो झाल्यावर ओलापॅरिब 300 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, दोन वर्षं दिलं. सात वर्षांनी त्यातल्या 67 टक्के हयात होत्या, औषध नसलेल्या नुसत्या दिखाऊ गोळीवरच्या 46.5 टक्के. या आजारात इतका फरक क्वचित दिसतो. पण त्या सगळ्या बायकांनी आधी सलाईनची केमो घेतली होती आणि तिला दाद दिली होती. ओलापॅरिब सुरू असताना दर महिन्याला रक्त तपासावं लागतं, हिमोग्लोबिन घसरतं, थकवा येतो, आणि मोजक्या बायकांना नंतर रक्ताचा गंभीर आजारही होतो. फ्लुकोनॅझोल आणि क्लॅरिथ्रोमायसिनसारख्या गोळ्यांनी त्याचं रक्तातलं प्रमाण वाढतं, त्यामुळे सर्दी-तापाला दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलात तरी ही गोळी चालू आहे हे सांगायचं.

म्हणून पहिल्या केमोच्याच दिवशी विचारा: “आईची बीआरसीए तपासणी पाठवली का?” हाय-ग्रेड सिरसमध्ये साधारण पाचातल्या एकीत हा बिघाड सापडतो. रिपोर्ट यायला काही आठवडे लागतात आणि सहावी केमो संपेपर्यंत तो हातात हवा. तो बिघाड जन्मतः आलेला निघाला तर तुमची आणि तुमच्या भावंडांचीही तपासणी करायची. बहिणींना तो असेल तर ब्रेस्टची तपासणी लवकर सुरू करता येते आणि मुलंबाळं झाल्यावर ओव्हरी काढून घेण्याचा विचार वेळेत करता येतो. भावांनाही तपासा, हा बिघाड बापाकडूनही मुलींना जातो.